शासनाचा आकार आणि दोन ग्रंथ
शासन मोठे असावे की लहान, या वादाला भारतीय साहित्याने क्वचितच महत्त्व दिले. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गोऱ्या कामगारांच्या भरमसाट पगार-पेन्शनींवर व कारकुनांच्या लाचखोरीवर एकाच आवेशाने कोरडे ओढले; मात्र सरकारने तलाव-बंधारे बांधावेत, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवावे, ही मागणीही तेथेच आहे. त्यांचा आक्षेप केवळ खर्चाच्या रकमेवर नसून तो कोणाच्या पदरात पडतो, यावर आहे. (अर्थपंडितांना हा भेद फारसा रुचत नाही.) श्रीलाल शुक्ल यांच्या 'राग दरबारी'त (१९६८) कॉलेज, सहकारी संघ, ग्रामपंचायत सारे शिवपालगंजात पोहोचले आहे आणि वैद्यजींच्या बैठकीत जमा झाले आहे. अशा गावी शासन आटोपशीर केले की बैठक ओस पडेल, ही समजूत भाबडी होय.