आवाज जपायचा, तर साधन पारखून घ्या

कुरुंदा हे नरहर कुरुंदकरांच्या आडनावातले गाव. कुरुंदकर १९८२ साली गेले. त्यांचे विचार ग्रंथांतून वाचता येतात. पण वक्त्याचा चढउतार, विराम आणि श्रोत्यांचा हशा कागदावर उतरत नाही. या परिसरातील शाळांनी व वाचनालयांनी तरी ध्वनिमुद्रणाला केवळ हौस समजू नये. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या वेळी, १९४८ साली, जे दहा वर्षांचे होते, त्यांनी आज पंच्याऐंशी ओलांडली आहे. त्यांच्या आठवणी आणि आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या थांबून राहणार नाहीत.

यावर ‘पैसा कोठून आणायचा?’ असा प्रश्न येतो. तो रास्त आहे. पण येथे पैशापेक्षा विवेक अधिक लागतो. एका माणसाच्या बोलण्यासाठी स्टिरिओची गरजच नाही. साधा मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. महागडा मायक्रोफोन दूर ठेवण्यापेक्षा स्वस्त मायक्रोफोन जवळ ठेवणे म्हणूनच हिताचे.

भजनाची गोष्ट निराळी. पखवाज एका बाजूस, टाळकरी दुसऱ्या बाजूस, मध्ये गायक, ही बैठक कानाला जाणवायची तर दोन दिशांना रोखलेले दोन ध्वनिग्राहक हवेत. ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१ मध्ये इंग्लंडात याच तत्त्वावर पेटंटसाठी अर्ज केला होता. परंतु खरेदीत येथेच फसगत होते. मोबाइलच्या हेडफोनच्या खाचेत मायक्रोफोनसाठी एकच वाट असते. तेथे जोडलेला स्टिरिओ मायक्रोफोनही एकेरीच नोंद करतो. त्यापेक्षा दोन मायक्रोफोन अंगचेच असलेला छोटा रेकॉर्डर बरा. दुकानातच त्याच्या डाव्या व उजव्या बाजूला आळीपाळीने टिचकी मारावी आणि हेडफोन लावून ऐकावे. दोन्ही टिचक्या मधोमध ऐकू आल्या, तर ‘स्टिरिओ’ हा शब्द केवळ खोक्यावरचा समजावा. वाऱ्यासाठी फोमची टोपी मात्र अवश्य घ्यावी.

असे एक साधन प्रत्येकाने घेण्याचे कारण नाही. गावातील एका संस्थेने ते घेऊन सर्वांना वापरू द्यावे. बोलणाऱ्याची संमती, नाव, गाव व तारीख नोंदवून मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. उत्तम यंत्राची वाट पाहत बसलो, तर यंत्र येईल. आवाज मात्र गेलेला असेल.