मोठ्या चाकांचा मोह

अलीकडे आपल्या बागायती भागात ट्रॅक्टरच्या जोडीला चारही चाकांना जोर देणारी एखादी हलकी गाडी बाळगण्याची प्रथा वाढत आहे, आणि ती योग्यच आहे. भर पावसाळ्यात पाणंद ओलांडून मळ्यात जाणे, खताची पोती नेणे, वेळीअवेळी आजारी माणसास तालुक्यास पोचविणे, ही कामे साध्या मोटारीने होत नाहीत. परंतु गाडी दारी येताच तिचे मूळ टायर काढून त्यांच्या जागी मोठे टायर चढविण्याची जी हौस तरुण मंडळींत दिसते, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे अवश्य वाटते. माझी हयात महसुली दप्तरात आकडे मांडण्यात गेली. यंत्रविद्या मला अवगत नाही. तथापि बेरीज-वजाबाकी कळते, आणि या प्रश्नाचा निकाल बहुतांशी तिनेच लागतो.

जमिनीचा जसा सातबारा, तसा टायराचा उतारा त्याच्या कुशीवरच छापलेला असतो. वाचणारा मात्र विरळा. उदाहरणार्थ, 2023 साली आपल्या देशात विक्रीस आलेली जिम्नी ही हलकी गाडी घेऊ. तिच्या टायरावर 195/80 आर 15 असे अंक असतात. पैकी 195 ही मिलिमीटरमधील रुंदी, 80 म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा 80 इतकी कुशीची उंची, आणि 15 हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून कुशीची उंची 156 मिलिमीटर होते. वरची व खालची मिळून 312, त्यांत रिमचे 381 मिळविले की चाकाचा एकूण व्यास 693 मिलिमीटर येतो. आता हौशी लोक जो 235/75 आर 15 टायर मागतात, त्याचा हिशेब याच रीतीने केला असता व्यास 733.5 मिलिमीटर भरतो. वाढ 40.5 मिलिमीटर, म्हणजे शेकडा 5.8.

या वाढीने काय साधले ते पाहू. व्यास वाढला तरी आस केवळ त्याच्या निम्म्यानेच उंचावतो. म्हणजे गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम दोन सेंटिमीटर वर गेले. अंगठ्याच्या रुंदीहून अधिक नव्हे. खडकाळ ओढ्यातून रोज जाणाऱ्यास तेवढेही मोलाचे ठरेल, हे मी नाकारीत नाही. परंतु जमेची बाजू लिहिली की खर्चाचीही लिहिलीच पाहिजे. प्रत्येक गिअरमध्ये चाकाचा ओढ शेकडा साडेपाचने कमी होतो, आणि ब्रेकची पकडही त्याच मानाने उणावते. टायर जड असल्यामुळे हलक्या गाडीच्या इंजिनावर भार पडतो तो निराळाच. वेगदर्शकाचा काटा 60 दाखवील तेव्हा गाडी 63 च्या पुढे धावत असेल. मूळ रिम साडेपाच इंच रुंद. 235 च्या टायरास साधारणतः किमान सहा इंची लागते, तेव्हा रिमचा खर्चही आलाच. शिवाय भरल्या गाडीचे चाक पूर्ण वळविले असता टायर आतल्या पत्र्यास घासण्याचा संभव असतो.

याहून घातक अशी एक चूक आमच्याच घरी घडली. ती सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या पुतण्याच्या जुन्या गाडीस एका टायरवाल्याने सल्ला दिला की, ट्रॅक्टरची मागची चाके मोठी असतात, तद्वत गाडीसही मागे दोनच मोठे टायर घालावेत, पैसेही वाचतील. प्रांजळपणे सांगावयाचे तर या सल्ल्यास मीही मान डोलावली. परंतु ट्रॅक्टरची पुढची चाके लहान असतात म्हणून त्याच्या दातेरी चाकांचे प्रमाणही त्याप्रमाणे बांधलेले असते. या गाड्यांत मात्र चारही चाकांची जोडणी केली की पुढचा व मागचा दांडा एकाच गतीने फिरतो. वरील दोन मापांची चाके मागेपुढे घातली, तर मागचे चाक दर फेरीस 12.7 सेंटिमीटर अधिक चालू पाहते. शंभर फेऱ्यांत 12 मीटर 70 सेंटिमीटर. चिखलात चाके घसरून हा फरक जिरतो. कठीण रस्त्यावर तो जिरत नाही, आणि सारा ताण आतील दात्यांवर येतो.

त्या दिवशी आजारी वहिनींना दवाखान्यात नेत असता पुतण्याने ओढ्यात जोडणी केली व डांबरी रस्त्यावर ती सोडावयास तो विसरला. काही अंतरावर आतून करकर ऐकू आली, दांडी अडकून बसली व गाडी जागीच थांबली. वहिनींना पुढे एका परक्याच्या ट्रॉलीत बसवून न्यावे लागले. त्या सुखरूप परतल्या हे भाग्य. परंतु दोन टायरांत वाचविलेल्या रकमेच्या कितीतरी पट रक्कम दुरुस्तीत गेली.

माझे मत थोडक्यात असे. प्रथम वर्षातून किती दिवस गाडी खरोखर चिखलात जाते ते मोजावे. काळ्या चिकण रानासाठी बहुधा त्याच मापाचे, परंतु खोल खाचांचे टायर पुरतात. दुसऱ्या महायुद्धातील जीप 6.00-16 अशा अरुंद टायरांवरच रणांगणे तुडवीत होती, हे विसरू नये. फसण्याचे भय वाटल्यास टायरातील हवा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी करून सावकाश जावे, म्हणजे टायर पसरून जमीन अधिक धरतो. मात्र पक्का रस्ता लागताच ती पुन्हा भरावी. याकरिता हवा मोजण्याचे यंत्र व लहान पंप गाडीत असावा. मोठ्या टायरांच्या मानाने हा खर्च क्षुल्लक आहे.

एवढ्यावरही मोठे माप हवेच असेल तर 215/75 आर 15 वर थांबावे. तेथे व्यासातील वाढ शेकडा दीडच होते. ओझे पेलण्याचा अंक मुळाहून कमी नसावा, आणि जादा चाकासह पाचही टायर एकाच मापाचे घ्यावेत. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करू देत नाही. म्हणून टायर घेण्यापूर्वी परिवहन कचेरी व विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर मिळवावे. तोंडी होकारास दप्तरात किंमत नसते, हे मी आयुष्यभर पाहिले आहे.

बैलगाडीची धाव चढविताना आपले वाडवडील चाकाचे माप दोनदा घेत असत. लाखो रुपयांच्या गाडीचे माप एकदाही न घेणे आपणांस शोभत नाही.