भाव करावा, पण कुठवर?

मुंबईच्या चोर बाजाराचे नाव तुम्ही ऐकले असेल. भेंडी बाजाराजवळ मटण स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे आणि आसपासच्या गल्ल्यांत हा बाजार आहे. नाव ऐकून दचकू नका. याचे मूळ नाव 'शोर बाजार' होते, इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'चोर बाजार' झाले, असे लोक सांगतात. 'शोर' म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको!

शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात. पण त्याच दिवशी रस्त्यावर चादरी अंथरून लहान विक्रेते बसतात. घड्याळे, कंदील, पितळी दिवे, पाने-पक्कड, जुने कॅमेरे, मोबाइलचे सुटे भाग, एका पायातला बूटसुद्धा! सुट्टीत एखाद्या शुक्रवारी सकाळी लवकर तेथे जा. एकटे जाऊ नका. दोन-तीन मित्र बरोबर घ्या. एकाला घड्याळातले कळते, दुसऱ्याला विजेच्या वस्तूंतले. शिवाय न लागणारी वस्तू घेण्याचा मोह झाला, तर हात धरून मागे ओढायला कोणीतरी हवेच.

वस्तू पारखायच्या काही सोप्या युक्त्या आहेत. खिशात लहानसे लोहचुंबक ठेवा. पितळेला ते चिकटत नाही. चिकटले, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पितळेचा मुलामा आहे, असे समजा. गाण्याची तबकडी उजेडात तिरपी धरा, म्हणजे चरे दिसतात. पुस्तक घेताना मधली पाने गळालेली नाहीत ना, ते पाहा. विजेची वस्तू चालू करून दाखवल्याशिवाय घेऊ नका.

वस्तू पसंत पडली, की सुरू होते घासाघीस. सौदा, किंमत, नफा, हिशोब हे सगळे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले. पण 'घासाघीस' हा शब्द मात्र अस्सल मराठी वाटतो. काही भले लोक म्हणतात, "गरिबाशी भाव करूच नये." मला हे पटत नाही. या बाजारात वस्तूवर किंमतीची चिठ्ठी नसते. गिऱ्हाईक भाव पाडणार, हे विक्रेत्याला ठाऊक असते, म्हणून तो आधीच चढा भाव सांगतो. त्यात दोघांनाही गंमत वाटते. प्रश्न आहे तो थांबायचे कुठे, याचा.

अमेरिकेत जुन्या वस्तू विकण्याची एक निराळी रीत आहे. तिला 'यार्ड सेल' म्हणतात. घरातले नको असलेले सामान लोक आपल्याच अंगणात मांडतात. कधी कधी सगळी वस्ती एकच दिवस ठरवते. मग मित्रमैत्रिणी घोळक्याने या अंगणातून त्या अंगणात स्वस्त वस्तू शोधत हिंडतात. तेथे विकणारा हा घरमालक असतो. त्याला घरातली अडगळ काढायची असते. उरलेले सामान तो बहुधा दान करतो, नाहीतर फुकट न्यायला रस्त्याच्या कडेला ठेवतो. त्याच्याकडून दहाची वस्तू दोनला घेतली, तरी त्याची चूल त्यावर अवलंबून नसते.

आपल्या बाजारातल्या विक्रेत्याचे तसे नाही. ती वस्तू त्याच्या घरातली अडगळ नसते. भंगारवाला दारोदार फिरून सामान विकत घेतो. बोहारीण नवी भांडी देऊन जुने कपडे नेते. या हातातून त्या हातात जात माल रस्त्यावर येतो आणि प्रत्येक हाताला चार पैसे सुटावे लागतात. म्हणजे चादरीवरच्या वस्तूत विक्रेत्याचे भांडवल अडकलेले असते. ती पुसून, दुरुस्त करून विकण्याची मेहनत निराळीच.

तुम्ही म्हणाल, "परवडत नसेल तर तो देणारच नाही!" हे सकाळी खरे असते. दिवस उतरू लागला, की तितकेसे खरे राहत नाही. उरलेला माल परत न्यायचा, तर हातगाडीचे भाडे पडते. माल ठेवायला जागा लागते. घरी रोख पैसेही न्यायचे असतात. अशा वेळी तो तोटा सोसूनही वस्तू देतो. आपण मात्र मित्रांना सांगतो, "बघा, कसा पाडला भाव!" अशा सौद्याला मी हुशारी म्हणत नाही. समोरच्याची अडचण आपल्या उपयोगी पडली, एवढेच त्यात घडलेले असते.

आता एक हिशोब करून पाहा. समजा, विक्रेत्याने एक जुनी इस्त्री भंगारवाल्याकडून 80 रुपयांना घेतली. तिला 40 रुपयांची नवी वायर बसवली. सकाळी त्याने तिचे 250 रुपये सांगितले होते. आता तो चादर आवरायला लागला आहे. तुमच्या खिशात 180 रुपये आहेत. मित्र कानात कुजबुजतो, "अरे, शंभर म्हण, देईल तो!" विक्रेता इस्त्री हातात धरून तुमच्याकडे पाहत आहे. तुम्ही किती म्हणाल?