पानाखालचा फोटो आणि कॅमेरा

साधा डीएसएलआर घ्यावा का मिररलेस, असं बरेच जण विचारतात. माझं मत सांगतो, शेतासाठी मिररलेस.

कॅननचेच दोन बघा. १५००डी हा डीएसएलआर, आर५० हा मिररलेस. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, सेन्सरचा आकारही तोच. फरक पडतो वापरात. मिरचीचे फुलकिडे, कोळी बसतात पानाच्या खालच्या अंगाला. १५००डीचा स्क्रीन पाठीला पक्का, त्यामुळं सरीत आडवं पडूनच फोटो काढावा लागतो. पन्नाशीनंतर कंबर काय म्हणते ते सांगायला नको! आर५०चा स्क्रीन बाहेर काढून वर फिरवता येतो, कॅमेरा झाडाखाली धरून उकिडवं बसून बघायचं. उन्हात फोटो पांढरा पडणार का काळा, तेपण बटण दाबायच्या आधी दिसतंय.

बॅटरी मात्र डीएसएलआरची जास्त टिकते. मिररलेस घेतला तर एक जादा बॅटरी घ्याच, लाईटचा काय भरवसा. सेन्सर उघडा पडतो, म्हणून धुरळ्यात लेन्स काढू नका.

अन् खरा पैसा लेन्समध्ये घाला. सोबत मिळणाऱ्या लेन्सनं फुलकिडा नुसता ठिपका दिसतो. फुलकिडे का कोळी हे फोटोत कळलं नाही तर औषधच चुकीचं जातंय. बजेट आखडतं असेल तर जुना डीएसएलआर अन् जुनी ईएफ मॅक्रो लेन्स घ्या. पुढं आर५० घेतला तर तीच लेन्स अडॅप्टर लावून चालते.