गॉगल फक्त उन्हाळ्यापुरता नको

मे महिना संपतो, पहिला पाऊस पडतो आणि घरातला गॉगल कपाटात जातो. तो पुन्हा बाहेर निघतो थेट होळीनंतर. ऊन बाधते ते उष्णतेने, हा समज यामागे आहे. प्रत्यक्षात डोळ्यांचे दीर्घकाळचे नुकसान करतात ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. ते दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. म्हणूनच हवेत गारवा आहे म्हणजे डोळे सुरक्षित आहेत, हा हिशेब चुकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण जमिनीवर पोहोचू शकतात. समुद्रकिनाऱ्याची कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, लाटांचा फेस २५ टक्के, तर ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत हिमाचलला गेलेले पर्यटक बर्फात दिवसभर उघड्या डोळ्यांनी खेळतात आणि रात्री डोळे लाल होऊन वाळू गेल्यासारखे खुपू लागतात. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर होतो तसाच हा प्रकार. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, त्यात अक्षरशः भाजलेला असतो. बहुधा एक-दोन दिवसांत तो बरा होतो. पण रोजच्या उन्हाने थोडे थोडे होणारे नुकसान असे ओरडून सांगत नाही.

या रोजच्या उन्हाबद्दल जपानमधील कानाझावा वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. पुतळ्याच्या डोळ्यांवर संवेदक बसवून त्यांनी दिवसभर मोजमाप केले. सप्टेंबरमध्ये सूर्याकडे तोंड असताना डोळ्यांवर सर्वाधिक मारा भर दुपारी झाला नाही. तो झाला सकाळी ८ ते १० आणि दुपारी २ ते ४ या वेळांत. कारण साधे आहे. सूर्य माथ्यावर असताना भुवई आणि कपाळ डोळ्यांवर सावली धरतात; तो कलला की किरण समोरून शिरतात.

महाराष्ट्रापुरता याचा अर्थ काय? मुंबईत मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. थंडीत किरणांची तीव्रता कमी होते हे खरे; पण जे ऊन असते ते भुवईचा आडोसा चुकवून डोळ्यांत येते. अतिनील निर्देशांक ३ किंवा अधिक असेल तर संरक्षण घ्यावे, असे आरोग्य संघटना सांगते. आपल्या अक्षांशांवर निरभ्र दुपारी हिवाळ्यातही तो सहसा त्याहून जास्त असतो. मोबाइलवरच्या अनेक हवामान अ‍ॅपवर तो रोज पाहता येतो.

हे नुकसान साठत जाते. नेत्रभिंग वर्षानुवर्षे अतिनील किरण शोषत राहते आणि मोतीबिंदूच्या कारणांत वय, मधुमेह व तंबाखूच्या जोडीला उन्हाचीही भर पडते. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वापैकी ६६ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले. दुसरा त्रास म्हणजे नाकाच्या बाजूने बुबुळावर चढणारी मांसाची पातळ वाढ, टेरिजियम. शेतकरी आणि मच्छीमारांमध्ये ती अधिक आढळते. बाजूने येणारा प्रकाश कॉर्निया नाकाकडच्या कडेवर एकवटतो, हे त्याचे एक कारण मानले जाते.

असे असूनही आपल्या सवयी डोळ्यांनाच वगळतात. पुण्यातल्या दुचाकीस्वार तरुणी चेहरा, मान, हात सारे गुंडाळतात आणि उघडे ठेवतात ते फक्त डोळे. गांधी टोपी डोके झाकते, पण तिला काठ नसल्याने डोळ्यांवर सावली पडत नाही. रुंद काठाची टोपी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चष्म्याच्या बाबतीत काचेचा रंग फसवा असतो. अतिनील किरण न अडवणारी गडद काच उघड्या डोळ्यापेक्षाही वाईट ठरू शकते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना वाट मोकळी मिळते. ‘यूव्ही ४००’ ही खूण पाहावी, पण रस्त्यावर मिळणाऱ्या लेबलवर विसंबू नये. अनेक चष्मेवाल्यांकडे ते तपासण्याचे छोटे यंत्र असते. कडा झाकणारी, चेहऱ्याला बिलगणारी फ्रेम चांगली. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक काचही बहुतेक अतिनील किरण अडवते.

मुलांना मात्र या भीतीने घरात कोंडू नये. त्यांच्या नेत्रभिंगातून अतिनील किरण मोठ्यांपेक्षा जास्त आत जातात, हे खरे. पण मोकळ्या प्रकाशात खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टीचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो, हेही तितकेच खरे. टोपी घालून मैदानावर पाठवणे हा मधला मार्ग.

प्रश्न सर्वांत अवघड आहे तो ज्यांना सावली निवडता येत नाही त्यांचा. वेल्डरला काळी काच देणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे आता कोणी नाकारत नाही. मग चौकात उभा वाहतूक पोलीस, ऊसतोड कामगार, मिठागरातला मजूर, दिवसभर दुचाकीवर फिरणारा डिलिव्हरी कर्मचारी यांच्यासाठी चष्मा आणि टोपी ही चैन कशी? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी योजनेत मोफत होते, पण दृष्टी अंधूक झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. नगरपालिका, साखर कारखाने आणि ठेकेदार गणवेश व बूट देतात, त्या यादीत किरण अडवणारा चष्मा यायला हवा, आणि तोही बारा महिने वापरण्यासाठी.