ठेवीदाराला महागाईभत्ता का नाही?

दर महिन्याच्या बारा तारखेच्या सुमारास किरकोळ महागाईचा आकडा जाहीर होतो आणि बँकेच्या रांगेत, बागेतल्या कट्ट्यावर, सोसायटीच्या आवारात तोच वाद नव्याने पेटतो. एक पक्ष म्हणतो, आकडा खोटा आहे, खरी महागाई दहा-पंधरा टक्क्यांच्या खाली नाही. दुसरा म्हणतो, महागाई आटोक्यात आहे. ज्याला झळ लागते त्याने मुदत ठेवीतले पैसे काढून शेअर बाजारात घालावेत. दोन्हीकडे कष्टाने चार पैसे मागे टाकलेली माणसे आहेत. त्यांचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या जागी खर्ची पडतो आहे, आणि त्यात सरकारची एका मोठ्या प्रश्नातून सहज सुटका होते.

आधी पहिल्या पक्षाचे ऐकू. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाईचा दर ०.२५ टक्के निघाला. २०१२ हे पायावर्ष असलेल्या मालिकेतला तो नीचांक. औषधांचे बिल हातात असलेला माणूस यावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण त्या महिन्यात खाद्यपदार्थ आधीच्या वर्षापेक्षा पाच टक्क्यांनी स्वस्त होते आणि त्या निर्देशांकात अन्नपदार्थ व पेयांचे वजन ४५.८६ टक्के होते. आरोग्याचे ५.८९, शिक्षणाचे ४.४६. ज्या घरात किराण्यापेक्षा दवाखाना आणि मुलांची फी जास्त खाते, त्या घराची महागाई देशाच्या सरासरीशी जुळणारच नाही. शिवाय दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. भाव चढण्याचा वेग कमी झाला, इतकेच. २०१२ मध्ये १०० धरलेला निर्देशांक २०२५ च्या अखेरीस १९५ च्या पुढे होता. तेरा वर्षांत जवळजवळ दुप्पट, हे सरकारचाच आकडा सांगतो.

आकडे सोयीने रचले जात असते, तर एप्रिल २०२२ मध्ये ७.७९ आणि जुलै २०२३ मध्ये ७.४४ टक्के कशाला निघाले असते? कायद्याने रिझर्व्ह बँकेला ४ टक्क्यांचे लक्ष्य दिले आहे, दोन टक्के वर-खाली चालते. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ या सलग तीन तिमाह्यांत दर सहाच्या वर राहिला आणि नियमाप्रमाणे बँकेला आपण का चुकलो याचे पत्र सरकारला लिहावे लागले. ती वेळ आणली याच निर्देशांकाने.

या पक्षाच्या दोन तक्रारी मात्र रास्त आहेत आणि त्या जोरात मांडायला हव्यात. ते पत्र जनतेपुढे आले नाही. ज्यांच्या बचतीची किंमत घसरली त्यांना कारण वाचण्याचा हक्क होता. दुसरी तक्रार, निर्देशांक शिळा होता. त्याची वजने २०११-१२ च्या खर्च-पाहणीवर बेतलेली होती. त्यानंतर २०१७-१८ मध्ये पाहणी झाली, पण तिच्या दर्जाविषयी शंका घेऊन सरकारने ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बाद केली. २०२४ हे पायावर्ष धरलेली नवी मालिका यायला २०२६ साल उजाडले. शिळ्या आकड्याला खोटा म्हटले की खरा दोष झाकला जातो.

आता दुसरा पक्ष. तो सुशिक्षित आहे, तरुण आहे, आणि त्याचे म्हणणे ज्याला पंचवीस वर्षे नोकरी करायची आहे त्याच्यापुरते बरोबर आहे. दरमहा एसआयपीतून येणारी रक्कम एप्रिल २०२४ मध्ये २० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. त्यात मध्यमवर्गाचा घाम आहे, आणि त्या शिस्तीचे मला कौतुक वाटते. पण हा सल्ला बहात्तर वर्षांच्या, व्याजावर घर चालवणाऱ्या माणसाला देणे क्रूर आहे. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. तो वर्ष संपण्याआधी सावरला हे खरे. ज्यांना थांबता आले त्यांचे नुकसान भरून निघाले. ज्यांना एप्रिलचा किराणा आणि मेची औषधे त्याच पैशांतून आणायची होती, त्यांना थांबता आले नाही. शिवाय मुदत ठेवीवर घर भागत नाही म्हणून बाजाराकडे वळलेला प्रत्येक जण एसआयपीपाशीच थांबत नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णवांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर.

हा पक्ष ज्याला आळशी गुंतवणूकदार म्हणतो त्याचे काय झाले, ते पाहा. मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आला आणि मे २०२२ पर्यंत तिथेच राहिला. मोठ्या बँकांत वर्षभराच्या ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. २०२०-२१ मध्ये सरासरी महागाई ६.२ टक्के होती. दहा लाखांच्या ठेवीवर व्याज पन्नास हजार, महागाईने खाल्ले बासष्ट हजार. म्हणजे बारा हजारांचा तोटा. त्यावर २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या ठेवीदाराने दहा हजार रुपये प्राप्तिकर भरला. तोट्यावर कर! २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर काढला, त्यामुळे अनेक निवृत्तांची या जाचातून सुटका झाली, हे मान्य. तत्त्व मात्र तेच राहिले: मुद्दलाची झीज भरून काढणारे व्याजही कायद्याच्या लेखी निव्वळ उत्पन्नच.

करोनाकाळात व्याजदर उतरवायला नको होते का? हवे होते. बंद पडत चाललेले उद्योग आणि हप्ते थकलेली घरे वाचवणे आवश्यक होते. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या उपायाची किंमत कुणी मोजायची हे कधी उघडपणे ठरले नाही. २०२०-२१ मध्ये केंद्र सरकारने सरासरी सहा टक्क्यांच्या आतल्या दराने, म्हणजे महागाईपेक्षाही स्वस्तात कर्ज उभारले. कर्जदाराला महागाईपेक्षा स्वस्त पैसा मिळतो तेव्हा धनकोच्या गाठीचे जाते. हा संसदेत मंजूर न झालेला कर होता, आणि तो भरला पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्यांनी. ३१ मार्च २०२१ ला तर अल्पबचतीचे दरही खाली आणले गेले: पीपीएफ ७.१ वरून ६.४, ज्येष्ठ नागरिकांची योजना ७.४ वरून ६.५. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आदेश नजरचुकीने निघाल्याचे सांगून मागे घेतला गेला. एका रात्रीत लावता आणि काढता येणारी ही कात्री लाखो घरांच्या डोक्यावर असते.

याच देशात महागाईपासून संरक्षण असलेली माणसेही आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाईभत्ता जानेवारी आणि जुलैत निर्देशांकानुसार सुधारला जातो. ते योग्यच आहे. खासदारांचे वेतन खर्च-चलनवाढ निर्देशांकाशी जोडलेले आहे. मार्च २०२५ च्या अधिसूचनेने ते एक लाखावरून १ लाख २४ हजार झाले आणि माजी खासदारांचे निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ३१ हजार, तेही १ एप्रिल २०२३ पासून. दुसरीकडे गिरणीत, कारखान्यात, खासगी कचेरीत आयुष्य काढलेल्या कामगाराचे ईपीएस-९५ खालचे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये हजार रुपये ठरले आणि २०२५ संपले तरी हजारच होते. सरकारच्याच निर्देशांकाने मोजले तर त्या हजाराची किंमत साधारण सहाशे उरली. महागाईचे निर्देशांक विश्वासार्ह आहेत म्हणूनच खासदारांचा पगार त्यांतल्या एकावर ठरतो. मग असा निर्देशांक कामगाराला आणि ठेवीदाराला का लागू नाही? भांडायचे ते यावर.

शहरी बचतदाराला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भाजी कडाडली की आपण निर्यातबंदीची मागणी करतो, आणि सरकार ती आनंदाने ऐकते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, लासलगावसह नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. ती मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. जुन्या मालिकेत कांद्याचे वजन होते ०.६४ टक्के, म्हणजे एक टक्काही नाही. एवढ्यासाठी चांदवड-निफाडच्या शेतकऱ्याचा दीड वर्षाहून अधिक काळ बाजार अडवला गेला. डोंबिवलीच्या ठेवीदाराची झीज निफाडच्या शेतकऱ्याच्या खिशातून भरून काढणे अन्याय आहे, आणि त्यातून ती भरूनही निघत नाही. कांदा पाच रुपयांनी उतरला म्हणून हृदयविकाराच्या गोळ्या स्वस्त होत नाहीत. ठेवीदाराला महागाईपासून थेट संरक्षण मिळाले, तर त्याला शेतकऱ्याच्या भावाविरुद्ध उभे राहण्याचे कारणच उरत नाही.

मग हवे काय? ज्येष्ठांसाठी आणि अल्प उत्पन्नाच्या बचतदारांसाठी, माणशी ठराविक मर्यादेपर्यंत, महागाईचा दर अधिक एक-दीड टक्का देणारी आणि तिमाही व्याज हातात ठेवणारी सरकारी ठेव. ईपीएसचे किमान निवृत्तिवेतन निर्देशांकाला जोडणे. आणि ज्यांना अजून कर लागतो त्यांच्या व्याजातून महागाईचा भाग वगळून उरलेल्यावर कर.

यावर सांगितले जाते की असा प्रयोग झाला आणि फसला. डिसेंबर २०१३ मध्ये महागाई अधिक दीड टक्का देणारे बचत रोखे आले होते, लोकांनी घेतले नाहीत. पण ते रोखे दहा वर्षांचे होते, व्याज मुदतीअंती एकदम मिळायचे आणि त्यावर पूर्ण कर होता. महिन्याला खर्चायला पैसे हवे असलेल्या माणसाने ते का घ्यावेत? शिवाय तेव्हा साधी मुदत ठेवच नऊ टक्क्यांच्या आसपास देत होती. योजनेची रचना चुकली म्हणून कल्पनाच टाकून देता येत नाही. ब्रिटनने १९७५ मध्ये निवृत्तांसाठी निर्देशांकाला जोडलेली बचत प्रमाणपत्रे काढली. अमेरिकेत १९९८ पासून सामान्य माणसाला असे रोखे घेता येतात, आणि महागाई भडकलेल्या २०२२ मध्ये त्यांवर ९.६२ टक्के दर मिळाला.

तिजोरीवर भार पडेल हा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो पडेल, पण कधी? महागाई चढेल तेव्हा. ऑक्टोबर २०२५ सारख्या महिन्यात अशी ठेव सरकारला साध्या कर्जापेक्षाही स्वस्त पडली असती. भाव आटोक्यात ठेवणे ज्याच्या हाती आहे त्यानेच चढत्या भावाची किंमत मोजावी, यात अन्याय कुठे? आज ती किंमत ज्याच्या हाती काहीच नाही तो मोजतो. आणि व्याजातून महागाई वगळण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. प्रत्यक्ष कर मंडळ खर्च-चलनवाढ निर्देशांक दरवर्षी अधिसूचित करते. २००१-०२ मध्ये १०० असलेला तो २०२४-२५ मध्ये ३६३ होता. जुन्या घराच्या विक्रीवरचा नफा मोजताना तो आजही वापरता येतो. मुदत ठेवीच्या व्याजालाही तो लावण्यासाठी प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती करावी लागेल, आणि ती पुढच्याच वित्त विधेयकात करता येईल.