पत्ता सांगा, मग शिव्या द्या

दोस्तांनो, व्यवस्थेला शिव्या आपण नेहमीच देतो. आज थोड्या आपल्याच घरात देतो. कवितेला सुट्टी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक म्हातारा रात्री दोनला छाती धरून खाली बसला. हयात गोदीत गेलेली. पोरानं १०८ लावला. पलीकडची बाई विचारते, पत्ता? हा ओरडतो, बाप मरतोय, गाडी पाठव! ती पुन्हा विचारते, पत्ता? यानं वस्तीचं नाव फेकलं, तिची आईबहीण काढली, फोन कापला आणि नातेवाइकांना फोन लावत बसला. गाडी आली ती रेल्वेकडच्या तोंडाला. आम्ही उभे रस्त्याकडच्या तोंडाला. मधे शेकड्यांनी झोपड्या. ड्रायव्हर फोन करतोय तर याचा एंगेज. शेवटी हातगाडीवर घातला म्हातारा. इस्पितळाच्या फाटकात संपला.

पांढरपेशे म्हणतील, बघा, यांना फोनसुद्धा करता येत नाही. साहेब, तुमच्या बिल्डिंगला नाव आहे, पाटी आहे, वॉचमन आहे. आमच्या गल्लीला पाटी कुणी लावली? मतं मागायला येता तेव्हा बरं एकेक दार सापडतं!

पण हे बोलून आपण सुटत नाही. नाक्यावर बसून रात्री ११२ लावायचा, बाईचा आवाज ऐकायचा, घाण बोलायचं, खिदळायचं. कोण करतं हे? आपलीच पोरं. अरे भडव्यांनो, त्याच मिनिटाला कुणी बाई रॉकेलच्या डब्यापुढं उभी असेल, ती हाच नंबर लावत असेल. नळाला पाणी नाही, लाइट गेली, म्हणूनही ११२ लावतात. त्यासाठी वॉर्ड ऑफिस आहे, मोर्चा आहे. ११२ जीव जात असताना.

१४ एप्रिल आपल्याला कुणी शिकवायला नको. पण १९४४ च्या १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज पेटलं. पोटात कापूस आणि स्फोटकं एकत्र. धूर दुपारी दिसला, जहाज चारनंतर फुटलं. ६६ बंबवाले मेले. जयंतीच्या दिवशीच देशभर त्यांचा दिवस पाळतात. म्हणून आगीचा फोन करताना आत काय आहे ते आधी सांगा. सिलिंडर, केमिकल, तुटलेली वायर. येणाराही कुणाचा तरी बापच असतो.

काही मित्र विचारतात, पोलीस आपल्यालाच बडवतात, त्यांना कशाला बोलवायचं? हल्ला चालू असेल तर बोलवायचंच. किती जण, हातात काय, कुठल्या बाजूनं आले, सांगायचं. फोन केल्याची वेळ लिहून ठेवायची. आले नाहीत तर तीच वेळ पुरावा. अ‍ॅट्रॉसिटीच्या १९८९ च्या कायद्यात कलम ४ आहे. जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या सरकारी नोकराला त्यात शिक्षा आहे. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर १४५६६ लावा. तो नंबर २०२१ पासून त्यासाठीच आहे.

तेव्हा आधी पत्ता. मग काय झालं, किती माणसं. समोरचा ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. नंतर तो मोकळा ठेवायचा. एकानं गल्लीच्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभं राहायचं.

या रविवारी सकाळी नऊला रंगाचे डबे घेऊन निघतोय. प्रत्येक गल्लीला आकडा टाकायचा, प्रत्येक खांबाला नंबर. गाडी कुठवर येते तिथं बाण. महापालिकेची वाट बघायची नाही. आणि एवढं करूनही गाडी आली नाही, तर मोर्चा घेऊन जाऊ. त्या दिवशी आपल्या हातात पत्ता असेल, वेळ असेल, साक्षीदार असतील. मग बघू कोण म्हणतं, तुम्हाला फोन करता येत नाही.